उंच झालेली जीप

नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा आमची जुनी जीप अंगणात नुसतीच उभी राहिली. होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळीच्या पेट्या वाळूतून रस्त्यापर्यंत, तिथून बाजारात न्यायच्या, हा त्याचा धंदा. लग्न झाल्यावर त्यानेच मला सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर नेऊन गाडी शिकवली होती. परवाना काढला होता, पण तो असताना मी कधी हात लावायची नाही. आता दुसरं कोण होतं? मीच चालवायला लागले.

तो रोज सकाळी शेजारी येऊन बसायचा. जिभेला जडपणा आल्यामुळे फार बोलत नसे. गिअर चुकीचा पडला की नुसता माझ्याकडे बघायचा. किनाऱ्यावर उतरून, काठी टेकत होडीवाल्यांच्यात जाऊन उभा राहायचा. त्याच्या दिवसात तेवढंच काय ते बाहेर पडणं होतं.

गाडी वाळूत मात्र नेहमीच रुतायची. एकदा भरल्या पेट्यांसकट मागची चाकं अशी गाडली गेली, की पाणी चढत आलं आणि होड्यांवरची माणसं जाळी सोडून ढकलायला धावली. नवरा बाजूला उभा होता. त्याला एक हातही लावता आला नाही. घरी आल्यावर जेवताना म्हणाला, "मोठे टायर घाल गो. मगे रुतूची नाय."

हे त्याच्या मनात फार वर्षांपासून होतं. आजारपणानंतर पहिल्यांदाच तो कशात तरी रमलेला दिसला. मोबाईलवर डाव्या हाताने टायरांची चित्रं बघत बसायचा. रुंद हवेत, खोल नक्षीचे नकोत, ते वाळू उकरतात, असं अडखळत मला समजावायचा. मीही हो म्हटलं. खरं सांगायचं तर टायरांपेक्षा त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हटलं.

कुडाळच्या गॅरेजात दोघंही गेलो. मेकॅनिकने मोठी चाकं लावून स्टेअरिंग पूर्ण वळवलं, तर टायर मडगार्डला घासत होता. मग त्याने स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी वर उचलली, मडगार्डची कड थोडी कापली. मला म्हणाला, "वैनी, स्टेअरिंग जड लागतला. रोज चलवूक जमात मां?" आता गाडी वेगाचा काटा दाखवेल त्यापेक्षा जोरात पळेल, आणि ब्रेक थोडा आधी दाबायचा, हेही त्याने सांगितलं. नवरा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सगळं निरखत होता. लहान मुलासारखा खूश होता.

निघायची वेळ झाली आणि तो गाडीपाशी गेला. डावा पाय वर टाकायचा तर सगळा भार उजव्या पायावर येत होता, आणि तो पाय काही पेलत नव्हता. त्याने दोनदा प्रयत्न केला. मी मागून आधार द्यायला गेले, तर त्याने हात झटकला. शेवटी गॅरेजमधल्या दोघांनी काखेत हात घालून त्याला उचलून सीटवर बसवलं. ते अगदी मायेने करत होते. पण घरी पोचेपर्यंत हा रस्त्याकडेच बघत बसला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली तर हा पडवीतच. म्हणाला, "तू जा. माका घराकडेच बरा वाटता."

गाडी वाळूत छान चालली. टायरांतली हवा थोडी कमी केली की पेट्यांनी भरलेली असूनही सरळ निघून यायची. सगळे वाखाणायचे आणि मग विचारायचे, ते खंय? मी म्हणायची, बरं नाही आज. रोज तेच सांगायची. गाडीला लोखंडी पायरी जोडून घेतली, तीही त्याला जमली नाही, आणि पडता पडता वाचल्यावर त्याने पुन्हा प्रयत्न करायचं नाकारलं. मी जुनी चाकं परत बसवू म्हटलं, तर रागावला. मग रुतलीस तर काय करशील, हा त्याचा प्रश्न. मी चुलीपाशी बसून रडले, तेवढंच.

असेच काही आठवडे गेले. एकदा तांदळाची पोती उतरवायची होती म्हणून मी जीप मागे घेत अगदी घराच्या जोत्याला चिकटवून उभी केली. पोती ओढून झाल्यावर लक्षात आलं, की मला वाकावं लागलं नव्हतं. गाडीची मागची फळी आणि चिऱ्याचं जोतं एका पातळीत आलं होतं. जुन्या चाकांवर ती वीतभर खाली असायची.

मी त्याला हाक मारली. गाडी पुढे घेऊन वळवली, जोत्याला आडवी लावून त्याच्या बाजूची सीट जोत्यासमोर आणली. तो शंकेनेच आला. म्हणाला, कशाला त्रास. तेव्हा मी पहिल्यांदा मनातलं बोलले, "तुमी नसलास काय माका गाडी चलवूक बरा वाटणा नाय."

तो जोत्याच्या कडेपर्यंत आला. मग पाठमोरा वळला, पडवीच्या खांबाला धरून हळूच मागे टेकला, आणि खुर्चीत बसावं तसा सीटवर बसला. डाव्या हाताने उजवा पाय उचलून आत घेतला. कोणी हात लावला नाही.

किनाऱ्यावर मात्र त्याला उतरता येत नाही. मला वाटलं होतं, याचंच त्याला वाईट वाटेल. पण तिथे जोतं नाही म्हटल्यावर माणसंच गाडीपाशी यायला लागली. मासळी विकणाऱ्या बायका त्याला चहा वर देतात, होडीवाले चाकाला टेकून गप्पा मारतात. वरून त्याला होड्या लांबूनच दिसतात. कोणाची येते आहे, हे तो आमच्या आधी सांगतो. एकदा त्याला मधेच उतरायची गरज पडली, तर त्याने स्वतःच दोघांना हाक मारली आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून खाली आला. परत बसवताना तिघंही हसत होते.

स्टेअरिंगने माझा खांदा संध्याकाळी ठणकतो. तो डाव्या हाताने तेल चोळून देतो. नीट जमत नाही, तेल सगळं पातळावर सांडतं. मी खांदा आणखी पुढे करते.