आईला पाण्यात जायचं होतं

नुसती मजा करायला घराबाहेर पडणं आमच्या घरात अजूनही लाजेचं समजतात, म्हणून आमच्या प्रत्येक सहलीला आधी एक देव जोडावा लागतो. जालन्याहून निघालेली गाडी राजूरच्या गणपतीला थांबते. नारळ फुटला, कपाळाला शेंदूर लागला, की भोकरदन ओलांडून धावड्याच्या अलीकडच्या तलावावर लोळायला सगळे मोकळे. गणपतीला हे सगळं कळत असणार, पण तो बिचारा काही बोलत नाही.

या सहलींचा पुढारी म्हणजे माझा थोरला भाऊ. हपिसात चार माणसांवर साहेबकी करून त्याला घरीही खुर्चीत बसून बोट दाखवायची सवय लागली आहे. गाडीत पेट्रोल भरलं की आपण सगळ्या खानदानावर उपकार केले, अशी त्याची ठाम समजूत आहे. दुसरे आमचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. तलाव दिसला की ते दर वेळी म्हणतात, "आपल्याला कशाला पाह्यजे समुद्र? हाच आपला समुद्र हाय." आणि दर वेळी भाऊ हसतो. एकाच विनोदावर वर्षानुवर्षं हसणारा माणूस खरंच हसतो का, हे मला अजून कळलेलं नाही.

खरा समुद्रही आम्ही एकदा पाहिला. म्हणजे पुरुषांनी पाहिला. कोकणात गेल्तो तेव्हा भाऊ आणि दाजी चड्डी-बनियनवर गुडघाभर लाटेत उभे राहून म्हशींसारखे डुंबले. वाळूत सगळ्यांच्या चपला, घड्याळं, मोबाइल आणि जेवणाचे डबे यांचा ढीग होता आणि त्या ढिगाजवळ आईला बसवलं होतं. कुत्री रस्त्याच्या बाजूनं यायची, म्हणून ती समुद्राकडे पाठ करून बसली. मीही येऊ का, असं तिनं विचारलं होतं. "तू सामान बघ, आम्ही आलोच," भाऊ म्हणाला. आले ते भूक लागल्यावर.

आई धावड्याची. लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून ती गावच्या विहिरीत पोहायला शिकली, तीही माझ्या मामांच्या आधी. पुढे भोपळा सुटला आणि ती काठावरून पोरांसारखा मुटका मारायला लागली. लग्न होऊन जालन्याला आली आणि ते सगळं संपलं. हे तिनं मला कणीक मळताना सांगितलं. भावाला सांगायला गेली असती, तर त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला असता. तिचं मागणं एवढंच होतं, "मरायच्या आधी एकडाव पाण्यात जायचंय गं." घर मागितलं नव्हतं, सोनं मागितलं नव्हतं. पण सहलीत आईचं काम ठरलेलं होतं, ते म्हणजे धपाटे.

आमच्याकडे सहल म्हणजे धपाटे. पहाटेपासून आई आणि वहिनी थापत बसतात. दाण्याची चटणी, भरली वांगी, दही, ठेचा, सगळं डब्यात भरून घ्यायचं. भाऊ अंघोळ करून, अत्तर लावून दारात उभा राहतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो, "चला, जल्दी करा, ऊन होऊन राह्यलं." तलावावर पोचलं की बायका सतरंजी अंथरणार, वाढणार, खरकटं काढणार. तोवर पुरुष काठाकाठानं टायरच्या ट्यूबवर बसून पाय हलवणार. पोहता त्यांच्यातल्या एकालाही येत नाही. पण त्यांचा आवाज ऐकला तर वाटावं, यांनी समुद्र पालथे घातलेत.

मागच्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि तलाव तुडुंब भरला. नेहमीप्रमाणे आईनं सगळ्यांना वाढलं, शेवटी स्वतः दोन घास खाल्ले, हात धुतले आणि भावाला म्हणाली, "मी जरा पोहून येते."

भाऊ सतरंजीवर आडवा झाला होता. तो तसाच कोपरावर उठला. "कोण, तू? आई, काय बोलून राह्यली? पाणी लई खोल हाय."

"खोल हाय म्हणूनच तर चालले."

"न्हाई म्हंजे न्हाई. पाह्यजे तर काठाला पाय बुडव."

आईनं पदर कमरेला खोचला, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि ती पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मग एकदम दिसेनाशी झाली. वहिनीनं किंकाळी फोडली. दाजींनी हातातला मोबाइल वर धरून आधी चित्रीकरण चालू केलं आणि मग, "दोर आणा, दोर!" असं ओरडायला सुरुवात केली. दोर नव्हताच. भाऊ घोट्याएवढ्या पाण्यात उतरून तिथेच उभा राहिला आणि "आई! आई!" करत राहिला. एवढी मोठी माणसं, आणि एकाचाही पाय पुढे पडेना.

आई वर आली ती बऱ्याच पुढे. तिनं चेहऱ्यावरचं पाणी झटकलं आणि लांब लांब हात टाकत पोहायला लागली. घाई नाही, धाप नाही. तलावात एक खडक वर आलेला आहे, तिथपर्यंत गेली, त्याला हात टेकवून थोडी थांबली, आभाळाकडे बघितलं आणि तशीच सावकाश परत आली. मला त्या वेळी इतका आनंद झाला की मी काठावर एकटीच टाळ्या वाजवत होते. माझ्या टाळ्या कुणालाही आवडल्या नाहीत.

ती बाहेर आली तेव्हा अंगाला पुसायला टॉवेल नव्हता. आणलेले सगळे टॉवेल पुरुषांनी वापरून ओल्या वाळूत टाकले होते. मी माझी ओढणी दिली. कुणी विचारलं नाही की एवढं छान कुठं शिकलीस, किंवा कसं वाटलं. दाजी म्हणाले, "तुमची बीपीची गोळी चालू हाय ना, मंग?" भाऊ म्हणाला, "लोक बघून राह्यले होते. आपली काही इज्जत हाय की न्हाई?" लोक म्हणजे पलीकडच्या काठावर शेळ्या चारणारी एक म्हातारी. ती तोंडाला पदर लावून हसत होती आणि आईला हात करत होती.

"पाणी लई गोड हाय," आई म्हणाली. एवढंच.

त्यानंतर भावानं आईची काळजी घ्यायचं ठरवलं. त्याची काळजी नेहमी दुसऱ्याचं काहीतरी काढून घेऊन सुरू होते. पुढच्या सहलीसाठी त्यानं बायपासवरची एक बाग निवडली. हिरवळ, प्लास्टिकचं हरीण, फोटो काढायला एक पंखांचं चित्र. पाणी फक्त नळाला. "तिथं कसलीच रिस्क न्हाई," तो आईला म्हणाला, जणू तिच्यासाठी बंगलाच बांधला होता. "आपले धपाटे मात्र पाह्यजेत."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी न्हाई येत. तुमी जा."

एखाद्या मुलानं अशा वेळी काय विचारावं? का नाही येत, बरं वाटत नाही का, चिडलीस का, तुला कुठं जायचंय. माझ्या भावाच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, "मंग धपाटे?"

आईनं तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. "तू थाप," ती म्हणाली.

वहिनी स्वयंपाकघरात तोंडावर हात ठेवून उभी होती. दाजींना फोन गेला, त्यांनीही धपाट्यांचीच चौकशी केली. विकतचे न्यावेत असं एक मत निघालं, पण ते कुणाला पटलं नाही. सहल रद्द झाली, आणि त्यानंतर आजवर दुसरी ठरलेली नाही. देव, डोंगर, बाग, समुद्र यांवरचं या पुरुषांचं सगळं प्रेम एका बाईच्या तव्यावर उभं होतं. तवा उतरला आणि यांची निसर्गाची हौस फिटली.

आता लग्नाकार्यात कुणी सहलींचा विषय काढला की भाऊ चेहरा पाडून सांगतो, "काय करावं, आमच्या आईला आता बाहेर फिरायला बिलकुल आवडत न्हाई."

आई शेजारीच बसलेली असते. परवा एका साखरपुड्यात तिनं त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "धावड्याची एस्टी रविवारी असती का गं?"