पप्पांची बदकं

आई गेल्यावर पप्पांना नागपूरहून इकडे नेदरलँड्समध्ये, वाखनिंगनला आणलं, तेव्हा वाटलं होतं, रमतील इथे. कसले रमतायत! ना भाषा, ना कुणाशी गप्पा. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. एक दिवस रात्रीच्या उरलेल्या पोळ्या कुस्करून ते घरामागच्या कालव्यावर गेले, कारण अन्न टाकायचं कसं? तिथे त्यांना रानहंस भेटले. राखाडी, आडदांड पक्षी. पप्पा त्यांना बदकंच म्हणायचे. हळूहळू हंस त्यांच्या हातून खायला लागले. मीही मुद्दाम जास्तीच्या पोळ्या लाटू लागले. पप्पा पुन्हा रोज दाढी करायला लागले होते.

शेजारचे डच आजोबा शिकारी. हंस कुरणंच्या कुरणं फस्त करतात, म्हणून शेतकरी अशा शिकाऱ्यांना रीतसर परवान्यानं बोलावतात. माझं संशोधनच गवतावर, ओरबाडलेली कुरणं मी पाहिली आहेत, त्यामुळे आजोबांना दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिकारीआधी काही सकाळी नुसतं बघत फिरायचं असतं: नदीवरून थवे कुठून येतात, कुठे उतरतात, ताजी विष्ठा कुठे पडलीय. त्या गुरुवारी कुरण बघायचं म्हणून मीही त्यांच्या गाडीत बसले.

गाडीचं दार उघडलं की थवे उठायचे. दुर्बिणीतूनच बघावं लागत होतं. आमच्या घराजवळच्या कुरणातला थवा मात्र उठला नाही. आम्ही उतरलो, तर चक्क आमच्याकडेच चालत आला.

"यांना कुणीतरी खायला घालतंय," आजोबा म्हणाले. "माणसाला भ्यायचं विसरलेत. शनिवारी बंदुका घेऊन इथेच बसू."

"दुसरीकडे नाही का बसता येणार?"

"शेतकऱ्यानं याच कुरणासाठी बोलावलंय."

घरी येऊन पप्पांना सगळं सांगितलं. पप्पा रोज सकाळी पंचशील म्हणणारे. पहिलं शीलच जीव न घेण्याचं. मला वाटलं, चिडतील, शेजाऱ्यांकडे जातील. त्यांनी एवढंच विचारलं, "शनिवार म्हणजे परवाच ना?"

शुक्रवारी पोळ्या ओट्यावरच राहिल्या. पप्पा काठी घेऊन निघाले, मी मागोमाग. हंस नेहमीसारखे धावत आले. पप्पांनी काठी आपटली, ओरडले, ढेकळं फेकली. हंस जरा मागे सरायचे आणि पुन्हा यायचे. शेवटी पप्पांनी एकाच्या पाठीत काठी घातली. जन्मात मुंगी न मारलेला माणूस! तो हंस फडफडत पाण्यात पडला, आणि थोड्या वेळानं काठावर चढून पुन्हा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"जा ना रे बाबांनो," पप्पा रडत म्हणाले. "माणसं चांगली नसतात. जा."

मी त्यांना धरून घरी आणलं. राग कुणावर काढावा तेच कळेना. शिकाऱ्यावर, शेतकऱ्यावर, की माझ्याच त्या गवतावर?

शनिवारी उजाडता उजाडता बार वाजला. मग लागोपाठ वाजत राहिले. पप्पा ओट्याशी उभे होते, हातातला चहा तसाच. बार थांबेपर्यंत ते हलले नाहीत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पप्पा, तुमच्यानं झालं तेवढं केलंत तुम्ही."

"नाही गं," ते म्हणाले. "अजून जोरात मारायला पाहिजे होतं."