अक्कांचा पोहायचा पोशाख

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे अक्का, घाबरल्या की तसं जाहीर करायच्या. बाकीची माणसं भीती पोटात ठेवतात आणि चेहरा कोरा ठेवतात. अक्कांना ते कधी जमलंच नाही. स्टोव्ह पेटवताना, गल्लीत तारवाला दिसला की, नाहीतर नुसता रस्ता ओलांडतानाही त्या छातीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणायच्या, "यव्वा, मला लई भ्या वाटतंय की!" आणि एवढं म्हणून झालं की स्टोव्ह पेटवायच्या, तारवाल्याला सामोऱ्या जायच्या, रस्ता ओलांडायच्या. लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा मला वाटलं, ही बाई भित्र्या काळजाची आहे. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. भीती मलाही कमी नव्हती, पण ती दिसू न देण्यात मी पटाईत होते.

अक्कांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे घाबरल्यावर पहिला शब्द कानडी आणि पुढचं सगळं मराठी. त्यांना चार मुलं, मला दोन. भावजी टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते. एकाच अंगणाला लागून आमच्या दोघींच्या खोल्या होत्या, आणि मे महिना आला की सगळं लटांबर वळसंगला सासऱ्यांच्या मळ्यात जायचं.

मळ्यात विहीर होती. दुष्काळाच्या साली पाणी लागेना म्हणून ती आणखी खोल खणली होती, आणि पुढे पाऊस झाल्यावर ती अशी भरली की तळ कुठे आहे ते घरातल्या कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. मुलं पाठीला रिकामा बंद डबा बांधून त्यात डुंबायची. एका उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यातल्या विहिरीत एक मूल बुडून गेलं. आम्ही दोघी भेटायला गेलो. त्या पोराची आई विहिरीच्या काठावर बसून होती. ती रडत नव्हती. "मी हितंच हुते," एवढंच ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. "हितंच हुते मी. मला पवाय येत न्हाय."

परतताना बांधावरून चालताना अक्का एकाएकी थांबल्या.

"विमल, आपुन पवायला शिकायचं."

"अक्का, तुम्हाला गुडघाभर पाण्याची भीती वाटते."

"व्हय. म्हणूनच म्हणते."

शहरात पोहण्याचा तलाव होता आणि उन्हाळ्यात दुपारचा एक तास बायकांसाठी असायचा. पुढच्या वर्षी मार्च लागताच आम्ही चौकशीला गेलो. तिथल्या शिकवणाऱ्या बाई उंच, शिडशिडीत, बोलायला तुटक. म्हणाल्या, "साडी नेसून पाण्यात उतरता येणार नाही. पोशाख लागेल, अंगाबरोबर बसणारा." आणि त्यांनी पोशाखातल्या दोन कॉलेजच्या मुलींकडे बोट केलं. त्या मुली काठावर पाय हलवत बसल्या होत्या. त्यांची पोटं सपाट होती.

खरं सांगते, त्या क्षणी मला विहिरीपेक्षा त्या पोशाखाची जास्त भीती वाटली. दोन बाळंतपणांनंतर मी आंघोळ करतानासुद्धा स्वतःच्या पोटाकडे बघत नसे. बेंबीभोवती सगळी चामडी सुरकुतलेली, ओटीपोट सुटलेलं. नवऱ्यासमोर दिवा मालवणारी मी, चार परक्या बायकांसमोर मांड्या उघड्या टाकून कशी उभी राहणार? रस्त्यात मी अक्कांना म्हटलं, आपण नको या फंदात पडायला. अक्का म्हणाल्या, "मला बी घाम फुटलाय. माझं प्वाट तर भिजवल्या कणकीगत झालंय. पर त्या इहिरीवरल्या बाईचं तोंड माझ्या डोळ्याम्होरनं जाईना गं."

शिंप्याला मापं देणं शक्यच नव्हतं. अक्कांनी स्वतःच डोकं लढवलं. भावजींच्या कारखान्यातून कडेला डाग पडलेले जाडजूड टॉवेल घरी येत. अक्का म्हणाल्या, "पाण्याचं काम म्हटल्यावर टावेलच पायजे की! जाड हाय, आतलं काय सुदिक दिसायचं न्हाय." आणि त्यांनी दुपारची झोप मोडून, मशीनची सुई मोडून, दोघींसाठी दोन पोशाख शिवले. वर बंडीसारखं, खाली गुडघ्यापर्यंत घोळदार, पोटावर दुहेरी कापड. घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि खूश झाल्या. पोट खरंच कुठे दिसत नव्हतं. एकंदर अंगाचा आकारच दिसत नव्हता. आम्ही दोघी गुंडाळून ठेवलेल्या गाद्यांसारख्या दिसत होतो, पण मला तो फार मोठा दिलासा वाटला.

टॉवेल पाणी पितो ही गोष्ट सोलापुरात शेंबड्या पोराला ठाऊक. ती आम्हा दोघींना सुचली नाही. लाजेनं माणसाची अक्कल किती गहाण पडते ते मी तेव्हा पाहिलं.

पहिल्या दिवशी अक्का शिडीला धरून छातीभर पाण्यात उतरल्या. "यव्वा, भ्या वाटतंय," असं सगळ्या तलावाला सांगून त्यांनी हात सोडला. पोशाख आधी फुगला, मग भिजला, आणि भिजल्यावर त्याचं वजन बघता बघता वाढलं. अक्कांचा पाय घसरला, त्या बसल्या, आणि त्यांना उठता येईना. छातीभर पाणी, पण त्या तळाशी बसलेल्या. वर फक्त बोटं दिसत होती. मी शिडीवरच होते. मी किंचाळले आणि तशीच खाली उतरले. माझाही घोळ पाणी ओढत होता, त्यांच्यापर्यंतची दोन पावलं टाकता येईनात. शिकवणाऱ्या बाईंनी उडी मारली, अक्कांच्या काखेत हात घातला, पण एवढा भार एकटीला उचलेना. मग त्यांनी सरळ तो घोळ कमरेपासून टराटरा फाडला आणि अक्कांना वर काढलं.

अक्का काठावर खोकत बसल्या. पोटावरचं कापड फाटून लोंबत होतं आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते पोट सगळ्या बायकांसमोर उघडं पडलं होतं. मला वाटलं, आता या उठतील, साडी गुंडाळतील आणि पुन्हा इकडे पाऊल टाकायच्या नाहीत. मला मनातून तेच हवं होतं. अक्कांनी सगळीकडे पाहिलं.

"बगून घ्या एकदाच," त्या म्हणाल्या. "चार लेकरं हायत मला. आन् बाई, उद्या किती वाजता येऊ?"

मग आम्ही नव्या पेठेतल्या एका दुकानात तयार पोशाख आणायला गेलो. दुकानदार पुरुषमाणूस होता. मी साड्यांच्या गठ्ठ्याकडे बघत उभी राहिले, जणू मी दुसऱ्याच कामाला आलेय. अक्कांचा आवाज कापत होता, पण तो अख्ख्या दुकानाला ऐकू गेला. "पवायचा पोशाख दावा. चार लेकरांच्या आईला बरा दिसंल असा. आन् पाणी न धरणारा." दुकानदार बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्यानं माळ्यावरून खोके काढले, पाठ फिरवून आमच्या दिशेनं सरकवले आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. लाल, पिवळे, फुलाफुलांचे, सगळे त्या काठावरच्या मुलींच्या मापाचे. शेवटच्या खोक्यात गडद निळा निघाला. कापड पातळ, सुळसुळीत, ताणलं की ताणणारं, आणि कमरेला छोटीशी झालर. ती झालर बरोबर तिथे येत होती जिथे आम्हाला ती हवी होती.

घरी कपाटाच्या आरशासमोर अक्का तो घालून कितीतरी वेळ उभ्या होत्या. पोट होतं तिथेच होतं. पण खांदे दिसत होते, पाठ दिसत होती, आणि ती चांगली दिसत होती. "ही कोण गं बाई?" त्या हळूच म्हणाल्या. मलाही तसलाच मिळाला होता. मी तो दार लावून घातला, आणि दोन बाळंतपणांनंतर पहिल्यांदा स्वतःकडे मान वर करून पाहिलं.

महिनाभरात अक्का पोहायला लागल्या. पोहणं कसलं, डोळे घट्ट मिटून हातपाय मारणं. पण तरंगायच्या. मीही जेमतेम तेवढंच शिकले.

मे महिन्यात वळसंगला गेलो. मुलं विहिरीवर निघाली की अक्का खोपीत जाऊन लुगड्याखाली तो निळा पोशाख घालायच्या आणि त्या भाजणाऱ्या उन्हात विहिरीच्या पायऱ्यांवर बसून राहायच्या. मी हसायचे. "हस," त्या म्हणायच्या. "मला हितं बसल्या बसल्या कापरं भरतंय."

त्या दिवशी आमच्या दोघींचे नवरे बाजाराला गेले होते. मामंजी लिंबाखाली बसले होते, त्यांचा एक पाय अधू. मी आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, खोपीशी भाकरी थापत होतो. मुलांचा ओरडा ऐकू आला आणि मी पिठाच्या हातांनी धावले. माझ्या शैलाच्या पाठीवरच्या डब्याची दोरी सुटली होती. रिकामा डबा पाण्यावर एकटाच तरंगत होता. शैला सात वर्षांची. तिचे केस एकदा वर आले आणि पुन्हा खाली गेले.

धावता धावता मी पाहिलं, अक्का उभ्या होत्या आणि लुगडं सोडत होत्या. नऊवारी सोडायला वेळ लागतो. आणि त्या एकेक वेढा ओरबाडून काढत होत्या, मामंजींच्या देखत, भर दुपारी. मागून आत्याबाई ओरडल्या, "अगं थोरले, मामंजी हायत की तितं!" मलाही क्षणभर वाटलं, का थांबतेय ही, तशीच का उडी मारत नाही? मग तो टॉवेल आठवला. लुगड्यासकट गेल्या असत्या तर दोघीही गेल्या असत्या.

शेवटचा वेढा पायऱ्यांवर पडला आणि त्या निळ्या पोशाखात अक्कांनी डोळे मिटून उडी मारली.

त्या दोघी वर येईपर्यंत मी कशी उभी होते ते मला सांगता येणार नाही. मी चार पायऱ्या उतरले होते, कमरेची गाठ सुटत नव्हती, आणि तेवढ्यात पाण्यावर दोन डोकी आली. अक्कांच्या गळ्याला शैला मिठी मारून होती. मी खालच्या पायरीवरून हात दिला. वर मामंजी लंगडत काठापर्यंत आले होते. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, डोक्याचा फेटा सोडला आणि मागे न बघता तो अक्कांसाठी हातात धरून उभे राहिले. आत्याबाईंनी पायऱ्यांवरचं लुगडं गोळा केलं. त्यावरून पुढे त्यांनी अक्कांना कधी टोकलं नाही.

अक्का परवाच्या थंडीत गेल्या. तेराव्याला वळसंगचे लोक आले होते आणि विहिरीची गोष्ट निघालीच. अशी धाडसी बाई पाहिली नाही, वाघाचं काळीज होतं, असं जो तो म्हणत होता. शैला माझ्या शेजारी बसली होती. आता तिलाही दोन मुलं आहेत. ती ऐकत होती आणि मान हलवत होती.

"नाही आई," ती मला हळूच म्हणाली. "थोरली आई पाण्यात इतकी कापत होती की मला तिचे दात वाजलेले ऐकू येत होते. माझ्या कानात सारखी म्हणत होती, 'शैले, मला धर गं. मला सोडू नकोस.' म्हणून मी तिला घट्ट धरून ठेवलं. मला कितीतरी वर्षं वाटायचं, त्या दिवशी मीच तिला वाचवलं."