हेस्टर पॉडमोरचा पायंडा

हेस्टर पॉडमोरच्या टेबलासमोर एक बाई येऊन उभी राहायची. मासळीचा आणि ओल्या लोकरीचा वास यायचा. बाई हातातला कागद उलगडायची, घडी घालायची, पुन्हा उलगडायची. बोलायची मात्र काही नाही. तिला मरून एकोणतीस वर्षं झाली होती.

दुपार असो, सकाळ असो, खोलीत दिवे लख्ख असोत, तिला कसली आडकाठी नव्हती. ती खोली दाखल्यांची, म्हणजे पूर्वी कधी काय केलं गेलं त्याच्या नोंदींची. लंडनला संसदेच्या सभागृहाच्या तळमजल्यावर, चहाच्या खोलीला लागून. आता दाखल्यांना खोली कशाला, असं कुणी विचारेल. तर आम्हा इंग्रजांची तऱ्हाच न्यारी! बाकीचे देश राज्य कसं चालवायचं ते एका पुस्तकात लिहून मोकळे झाले. आम्ही तेवढं सोडून सगळं लिहिलं. थोडं जुन्या सनदांत, थोडं कायद्यांत, थोडं न्यायाधीशांच्या निकालांत, थोडं विद्वानांच्या जाडजूड ग्रंथांत. आणि जे कुठंच सापडत नाही, ते ‘आजवर असंच चालत आलंय’ या एका वाक्यात. राणीनं कुठल्या कागदावर सही नाकारायची नाही, हरलेल्या पंतप्रधानानं कधी उठून जायचं, सगळं त्या वाक्याच्या जिवावर. आणि आजवर कसं चालत आलंय ते सांगायचं कुणी? हेस्टरनं. बिनलग्नाची, क्रॉयडनला भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी, डब्यात रोज चीज-लोणच्याचं सँडविच आणणारी हेस्टर!

१९५१च्या फेब्रुवारीत ती चोवीस वर्षांची होती. त्या खोलीतली पहिली बाई. नोकरी कायम व्हायला दोन महिने होते, आणि हिची कुठं चूक होते याकडे चार पुरुष डोळे लावून बसले होते. एका शुक्रवारी वरून चिठ्ठी आली : ‘कॉर्नवॉलहून ट्रेगिअर नावाची बाई अर्ज घेऊन आली आहे. सभागृहाच्या दारातल्या कठड्यापाशी उभी राहून सभासदांपुढं स्वतः बोलू द्या म्हणते. तशी प्रथा आहे का? अर्ध्या तासात कळवा.’

जुन्या कामकाजाच्या सूचीचे तीन खंड होते. हेस्टरनं पहिला पाहिला, दुसरा पाहिला. तिसरा बाइंडिंगला गेला होता. ‘तिसरा खंड पाहता आला नाही’ एवढं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण ते लिहायला तिचा हात धजेना. पोरीला साधं पुस्तक सापडत नाही, असं म्हणाले असते ना! तिनं दोनच शब्द लिहिले : ‘प्रथा नाही.’

निरोप सांगायलाही तिलाच पाठवलं. बाईचा कोट भिजलेला होता, गाडीत रात्र काढलेली दिसत होती.

“अर्ज देऊन जा. तो दाखल होईल,” हेस्टर म्हणाली.

“अहो, अर्ज वकिलानं लिहिलाय,” बाई म्हणाली. “आमच्या बंदरातली बचावाची नाव सरकारनं हलवली. महिन्याच्या आत अकरा जण बुडाले. माझा नवरा, माझे दोन भाऊ. वकिलानं नुसतं ‘अकरा’ लिहिलंय. मी नावं घेणार होते.”

अर्ज दाखल झाला. कुणी वाचला देव जाणे.

पंधरवड्यानं तिसरा खंड परत आला, नव्या कातड्याचा वास मारत. त्यात दोन दाखले होते. दोनशे वर्षांपूर्वी खलाशाची एक विधवा आणि नंतर एक विणकर, दोघंही कठड्यापाशी उभे राहून बोलले होते. हेस्टरनं खंड मिटला, फळीवर ठेवला आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. एप्रिलमध्ये नोकरी कायम झाली.

बचावाची नाव बंदरात परत आलीच नाही. पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिथली आणखी एक बोट बुडाली, आणि पेपरातल्या यादीत ट्रेगिअरबाईचा थोरला मुलगा होता. वर्षभरानं तीही गेली. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी हेस्टर खोलीत शिरली तेव्हा बाई टेबलासमोर उभी होती.

हेस्टर किंचाळली नाही. काय म्हणून किंचाळणार? कोण आहे ते तिला ठाऊक होतं.

आता पुढची गंमत ऐका. गंमत कसली, कर्मच ते! सात वर्षांनी एक पेन्शनर बोलायला आला. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, मागच्या वेळी काय केलं होतं? मागची चिठ्ठी निघाली. ‘प्रथा नाही.’ पेन्शनर परत गेला. मग एक पाद्री, मग एक शिक्षिका. दर वेळी कुणीतरी मागच्या वेळचं विचारी, आणि मागच्या वेळी हेस्टरच असे. तिनं दर वेळी ठरवलं, आज सांगून टाकायचं. दर वेळी तीच चिठ्ठी काढून दिली. पाचव्यांदा झालं आणि ते वाक्य संसदेच्या कामकाजावरच्या जाड ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत छापून आलं. खाली तळटीप, तळटिपेत तिच्या चिठ्ठीची तारीख.

“काय गं, ग्रंथात जाऊन बसलीस!” चहा देणारी डोरीन म्हणाली. “आता तुझा पुतळा कुठं बसवायचा? जिन्यात की संडासाशेजारी?”

सगळे हसले. हेस्टर मोरीत जाऊन ओकली.

१९८३च्या ऑक्टोबरात पुन्हा चिठ्ठी आली. डरहॅमहून ब्रेंडा हेसलॉप नावाची बाई आली होती. कारखान्याच्या धुळीनं नवरा गेला, आता पोरगी खोकते आहे, मला स्वतः सांगू द्या म्हणत होती. हेस्टरनं मान वर केली. टेबलापलीकडे ट्रेगिअरबाई कागद उलगडत होती. या खेपेला हेस्टर उठली, तिसरा खंड काखेत मारला आणि जिना चढून लँगरिशसाहेबांच्या खोलीत गेली. साहेब सभागृहाला प्रथांबाबत सल्ला देणारे, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, स्वभावानं चांगला माणूस.

तिनं सगळं सांगितलं. बाइंडिंग, भीती, दोन दाखले, सगळं. सांगताना रडली. साहेबांनी पानं पाहिली, चष्मा काढला.

“मिस पॉडमोर, हे दोन दाखले दोनशे वर्षांपूर्वीचे. तुमच्या चिठ्ठीपासूनचे पाच. पाचही वेळा आपण कारण देऊन तसं वागलो आणि कुणी हरकत घेतली नाही. प्रथा म्हणजे दुसरं काय असतं?”

“पण साहेब, ती माझ्या खोटेपणावर उभी आहे!”

“कदाचित बऱ्याच प्रथा अशाच उभ्या असतील,” ते म्हणाले. “तुम्हाला ती मोडता येणार नाही. मलाही नाही. सभागृहाला येईल. पण मोडावी का, हे सभागृह मला विचारणार. आणि मी विचारणार तुम्हाला, की आजवर कसं चालत आलंय.”

हेस्टरनं खंड उचलला आणि पुन्हा काखेत मारला. साहेब हळूच म्हणाले, “मी खाली कुणाला तरी पाठवतो.”

“नको. मीच जाते.”

ब्रेंडा हेसलॉप खाली दाखल्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. हेस्टरला पाहून उभी राहिली, केस सारखे केले.

“अर्ज दाखल होईल,” हेस्टर म्हणाली. “पण तुम्हाला आत बोलता येणार नाही. तशी प्रथा नाही.”

ब्रेंडा काही गरीब गाय नव्हती. “कोण म्हणतं? कुठं लिहिलंय ते दाखवा मला.”

“मी लिहिलंय,” हेस्टर म्हणाली.

ब्रेंडा तिच्याकडे बघत राहिली. त्या पिकल्या केसांच्या, काखेत पुस्तक धरून उभ्या असलेल्या बाईकडे.

“मग खोडा की,” ती म्हणाली.

हेस्टरनं नकारार्थी मान हलवली. मग ती आपल्या खोलीत गेली, आणि दार लावून घेतलं.