पाठीचं वळण

दोन दिवसांच्या ट्रेकला पुरेल अशी स्वस्तातली सॅक बघायला दुकानात गेलो होतो. साठीला आलेल्या एक बाई तिथे आधीच सॅक चढवून उभ्या होत्या. दुकानदाराने तिच्यात वाळूच्या पिशव्या भरल्या होत्या. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान वाटते, असं त्याचं म्हणणं.

"घरी ह्यांची आहे, चांगली महागातली," बाई म्हणाल्या. "पण मला पाठीत टोचते."

"मग नवी कशाला घेता, काकू? पाठीकडच्या आतल्या धातूच्या पट्ट्या काकांच्या पाठीप्रमाणे वाकलेल्या असणार. घेऊन या, सरळ करून तुमच्या पाठीला बसवून देतो."

बाई खांद्यावरचा पट्टा उगाच सैल करत राहिल्या. "नको. ते गेले गेल्या वर्षी. तेवढी पाठ राहू दे त्यांची."

 

माणूस गेला की आपण त्याचा फोटो भिंतीला लावतो. फोटोत तो समोरून दिसतो, हसरा, आल्यागेल्याला दाखवण्याजोगा. पण डोंगरात ह्या बाईंनी वर्षानुवर्षं बघितली असेल ती पाठच. पुढे चालणारी, चढावर वाकणारी, ह्या मागे पडल्या की थांबणारी. पाठीचा फोटो कोण काढून ठेवतं?

शेवटी त्यांनी स्वस्तातलीच एक घेतली. दुकानदाराने तिच्यातल्या कोऱ्या पट्ट्या बाहेर काढल्या आणि बाईंच्या पाठीला लावून हलक्या हाताने वाकवल्या. बाई पायवाटेवर उभ्या असल्यासारख्या समोर बघत होत्या.

समोर कोणी चालत नव्हतं.