वॉटबाईंच्या नावावरची चूक

आमच्या कंपनीत हीटर डिझाइन करणाऱ्या बाईंना सगळे वॉटबाई म्हणत. तार चिमटीत फिरवून ती किती जाड आहे हे त्या अचूक सांगत, आणि तरीही मोजून बघत. "बोटं दमली की खोटं सांगतात," म्हणत.

संत तुकाराम नगरातून दोन बस बदलून त्या चाकणला येत. आल्या की पाच मिनिटं डोळे मिटून बसत, मग कागद पुढे ओढत. गिऱ्हाईक स्वस्तातल्या बारीक तारेतून जास्त उष्णतेचा आग्रह धरी. बाईंचं उत्तर ठरलेलं: "तारेला झेपेल तेवढंच मागा. जास्त मागितलंत तरी देईल ती, पण चारच दिवस."

निघोज्याच्या एका कारखान्यात रंग सुकवायच्या भट्टीतली आमची कॉइल सारखी तुटायची, तीही दाराजवळच. आमचे साहेब वैतागले. बाई मला घेऊन तिथे गेल्या आणि स्टूल टाकून भट्टीसमोर बसून राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत तीन-चार कंत्राटी कामगार आले, दार उघडून त्यांनी डबे थेट कॉइलपाशी सरकवले. एका डब्यातली आमटी तारेवर सांडली आणि चर्र झालं. आमटीतलं मीठ त्या जागी तार खात होतं.

आम्हाला बघून त्यांच्यातला एक जण कावराबावरा झाला. "मॅडम, पहाटंच घर सोडतो आमी. गार भाकर घशाखाली उतरत न्हाई."

"यापुढे इथे ठेवू नका," एवढंच बाई म्हणाल्या. वर ऑफिसात जाऊन त्यांनी रिपोर्ट लिहिला: तार बारीक निवडली गेली, चूक डिझाइनची, आता बंद नळीतली कॉइल बसवू. खाली सही केली.

परतताना मी म्हटलं, "बाई, तुमचं गणित बरोबर होतं."

"होतं. पण खरं लिहिलं असतं तर त्या पोरांना आजच गेटबाहेर काढलं असतं. मला काय, फार तर बोलतील. तू कुठे बोलू नकोस."

नुसत्या बोलण्यावर भागलं नाही. डिझाइनचं प्रमुखपद त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एकाला मिळालं. बाई निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलाशी बसल्या.

आता नव्या इंजिनिअरांना शिकवायचं काम माझ्याकडे आहे. 'डिझाइनमधल्या चुका' या भागात निघोज्याची ती कॉइल अजून आहे, बाईंच्या सहीसकट. गेल्या आठवड्यात एका मुलीने सगळे आकडे पुन्हा मांडले आणि हात वर केला.

"मॅडम, गणित तर बरोबर येतंय. मग तार तुटली कशाने?"

मी घोटभर पाणी प्यायले आणि पुढची स्लाइड लावली.