पुढचे नवे, मागचे जुने

मी नागपूर सोडलं त्या दिवशी फाटकाशी उभे असलेले सगळे रडत होते आणि बाबा टॅक्सीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. आईनं हातावर दही ठेवलं, शेजारच्या काकूंनी बॅगेत आणखी एक डबा कोंबला. बाबा आपले अंगठ्यानं टायर दाबून बघत होते. मग त्यांनी ड्रायव्हरला डिकी उघडायला लावली. "स्टेपनी दाखव." तिच्यावरही अंगठा दाबून झाला, तेव्हा कुठं मला अमेरिकेला जायची परवानगी मिळाली. "पोचला की कळव," एवढंच म्हणाले. मला असा राग आला होता म्हणून सांगू! पोरगा चाललाय साता समुद्रापार आणि बाप टायरचा निरोप घेतोय.

बाबांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. गुळगुळीत झालेल्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचं, हा धंदा. आमच्या घरी दोन नियम होते. जेवताना बडबड करायची नाही, आणि दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते पुढे टाकायचे, जुने मागे. "स्टेअरिंग पुढं असते ना बे," हे त्याचं कारण. अख्ख्या मोहल्ल्याच्या गाड्या या नियमावर चालल्या आणि कुणाचं काही वाकडं झालं नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत, शुगर लँडला, आम्ही नऊ वर्षं काढली. ऊन नागपूरचं, वर घाम फुकट. तिथं सगळ्यांकडे अवाढव्य एसयूव्ही, म्हणून आम्हीही घेतली. माणसं तीन, सीट आठ. फोटो बघून आई म्हणाली, "बाकीच्या जागा कोणासाठी?" म्हटलं, तुमच्यासाठी, या की. त्यावर बाबा म्हणाले, "दुकान कोण पाहीन?" दुकानाला कुलूप लागून दोन वर्षं झाली होती, तरी उत्तर तेच.

मग माझ्या नोकरीनं आम्हाला पार उत्तरेला, ॲन आर्बरला आणून टाकलं. पहिल्याच हिवाळ्यात बर्फावर मी ती गाडी ब्रेक दाबलेला असताना, अगदी सावकाश, शेजाऱ्याच्या मेलबॉक्सवर नेऊन घातली. माझी बायको मधुरा पुण्याची, त्यामुळे तिनं आरडाओरडा केला नाही. शांतपणे म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात ही गाडी एकदा जरी घसरली ना, तर मी सईला घेऊन शुगर लँडला परत जाणार. तू इथे राहून बर्फ काढ." धमकी पोकळ नव्हती. तिच्या जुन्या ऑफिसनं "केव्हाही परत ये" असं कळवलेलं मला ठाऊक होतं. आमची सई तेव्हा आठ वर्षांची होती. त्या दोघी नसलेलं घर डोळ्यासमोर आलं की मला जेवण जात नसे.

त्यामुळे ऑक्टोबर लागला तसा मी विंटर टायरच्या अभ्यासाला बसलो. जिथं बर्फ पडतच नाही त्या क्युपर्टिनोचा मित्र म्हणाला, "यार, टायरला स्वेटर घालावं लागतं अशा गावात राहायचंच कशाला?" मी ऐंशीएक रिव्ह्यू वाचले आणि होतो त्याहून जास्त गोंधळलो. शेवटी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी मला चालू टायर अंगठ्यानं दाबायला लावला, त्यावर खिळा घासून आवाज ऐकवायला लावला. मग म्हणाले, "थंडीत खोबरेल तेल थिजते का नाही बाटलीत? तसं तुझं रबर थिजून राहिलं. नरम रबर घे." ऐंशी रिव्ह्यूंत जे कळलं नव्हतं ते एका बाटलीत कळलं. "किती घेऊ?" मी विचारलं. "दोन घे. पुढे टाक."

इथला टायरवाला पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा गृहस्थ. "चार घे, नाहीतर घेऊच नकोस," म्हणाला. आता विकणारा चारच सांगणार ना! मी त्याला माझ्या वडिलांचा धंदा, अनुभव, मोहल्ला, सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, आणि परिणामांना मीच जबाबदार असल्याच्या कागदावर माझी सही घेतली.

पहिला बर्फ शनिवारी सकाळी पडला. सईच्या स्विमिंग क्लासला निघालो. कोपऱ्यावर वळलो तर पुढची चाकं गुणी बाळासारखी वळली आणि मागच्या चाकांनी ठरवलं की आपण पुढं व्हायचं. गाडीनं अर्धी गिरकी घेतली आणि बर्फाच्या ढिगात जाऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही. मागून सई म्हणाली, "बाबा, वी आर फेसिंग होम नाऊ." घरी आल्यावर मधुरानं कपाटावरची मोठी सूटकेस खाली काढली.

मी बाबांना फोन केला. खरं तर भांडायलाच केला होता. पण सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "चूक माझी आहे. मी बर्फ पाह्यलाच कुठं? आता तिथलं तुलेच समजते बाप्पा, तूच पाह्य." टायरच्या बाबतीत बाबा चुकले असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. भांडणाबिंडणाचं राहूनच गेलं.

सोमवारी जाऊन उरलेले दोन टायर टाकले. मिशावाला "सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाला नाही. फक्त विचारलं, "वडील कसे आहेत?"

पुढच्या रविवारी मधुरानं गाडी सईच्या शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नेली, मला खाली उतरवलं आणि स्वतः ड्राइव्ह केली. वेग घेतला, करकचून ब्रेक दाबला. गाडी सरळ उभी राहिली. तिनं तीनदा बघितलं, चौथ्यांदा मुद्दाम वळवून बघितलं. मी कुडकुडत देवाचं नाव घेत होतो. मग तिनं काच खाली केली. "बस आत. आणि शेजाऱ्यांचा मेलबॉक्स अजून वाकडाच आहे, तो नीट करून दे. आपल्याला इथे राहायचंय." मला तिथंच, त्या बर्फात, नाचावंसं वाटलं.

संध्याकाळी बाबांचा स्वतःहून फोन आला. "चारी टाकले? बरं केलं. काढलेले फेकू नको, उन्हाळ्यात लागतीन." मग जरा घुटमळून म्हणाले, "तो बर्फ एकदा पाह्यला पाह्यजे. मागचा टायर काऊन सुटला, ते हात लावल्याशिवाय समजणार नाही."

"दुकान कोण पाहीन?" मी विचारलं.

"काय पाहायचं त्यात? कुलूप तर आहे."

जानेवारीत आई-बाबा दोघंही येताहेत. आठातल्या पाच सीट भरणार. इतकी वर्षं मी समजत होतो की घर त्या फाटकाशी राहिलं. आता वाटतं, आपण निघायच्या आधी कुणीतरी खाली बसून आपले टायर बघतं, ते घर. डिट्रॉइटच्या एअरपोर्टवर बाबा मला भेटायच्या आधी मागच्या चाकाशी उकिडवे बसणार, हे मी आत्ताच लिहून देतो. बसू देत. मी डिकी रिकामी करून ठेवली आहे, म्हणजे स्टेपनी लगेच दाखवता येईल.